अनुक्रमांक एकसष्ट

निवृत्त माणसाने काय करू नये याची यादी कुणी केलीच, तर पहिलं कलम असं घालावं: भाचीच्या शेजारी बसून टीव्हीवरची मालिका पाहू नये. शेरेबुवांनी पाहिली. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला, आणि अजूनही ते म्हणतात की चूक रिमोटची होती, तो वेळेवर सापडला नाही.

शेरेबुवा हे त्यांचं खरं नाव नव्हे. भूमापन कचेरीच्या अभिलेख विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली, शेवटची बारा हेडक्लार्क म्हणून. हाती आलेल्या कागदावर शेरा मारल्याशिवाय तो पुढे सरकवायचा नाही, हा त्यांचा बाणा. एकदा साहेबांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका फिरत फिरत टेबलावर आली, तर तिच्यावरही 'पाहिले, हरकत नाही' असं लिहून सही ठोकली. साहेब आठ दिवस बोलले नाहीत, पण नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. घरी थोरली विधवा बहीण, म्हणजे ताई, आणि तिची मुलगी. ही भाची एका दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा लावायचं काम करते, आणि उरलेल्या वेळात मामाची वेळ बिघडवते. बुवांनी स्वतः लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की म्हणत, "प्रस्ताव विचाराधीन आहे." साठी उलटल्यावर लोकांनी विचारणंच सोडलं.

तर मालिका. नाव 'समोरचं दार'. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसात. एका इमारतीत एकाच मजल्यावर समोरासमोर राहणारे दोघे, एक घड्याळजी आणि एक शाळामास्तर. दोघे पन्नाशीचे, दोघे एकटे. मास्तरांचं मनगटी घड्याळ दर आठवड्याला बंद पडायचं आणि घड्याळजी ते दर आठवड्याला दुरुस्त करायचा. बस्स, एवढीच गोष्ट. बाकी वेळ शेजारपाजार, चोऱ्यामाऱ्या, कुणाची तरी हरवलेली पेटी.

"काय रटाळ आहे," बुवा म्हणाले. "शहरातला सगळ्यात चांगला घड्याळजी, आणि त्याला एक घड्याळ धड करता येत नाही?"

"मामा," भाची म्हणाली, "तो मुद्दाम धड करत नाही."

"मुद्दाम म्हणजे?"

"घड्याळ चालू लागलं तर मास्तर कशाला येतील?"

बुवांचा चहा निवला तरी कप हातातच राहिला.

आता वाचकांपासून काय लपवायचं? बुवांच्या टेबलासमोर अकरा वर्षं एक टेबल होतं आणि त्याच्यामागे एक मोजणीदार बसायचा. शेतं, प्लॉट, कुंपणं मोजणारा माणूस. हा रोज एक तरी नकाशा बुवांकडे अपुरा पाठवायचा. कधी उत्तर दिशा विसरलेला, कधी प्रमाण न लिहिलेला. बुवा शेरा मारायचे, 'अपूर्ण, समक्ष येऊन खुलासा करावा', आणि तो समक्ष यायचा. खुलासा तासभर चालायचा. इतर सगळ्या विभागांत त्याचे नकाशे बिनचूक म्हणून गाजलेले होते, हे बुवांना फार उशिरा कळलं. तोवर त्याची बदली झाली होती. मग त्याचं लग्न झालं, मग पत्रं विरळ झाली, मग थांबली. त्याला सव्वीस वर्षं झाली. ती अकरा वर्षं जे काय होतं, ते खरंच होतं, की एका एकट्या कारकुनाच्या डोक्यातली खुळचट कल्पना होती, एवढं एकच बुवांना जन्मभर कळलेलं नव्हतं. विचारणार कुणाला?

आणि आता ही चोवीस वर्षांची पोरगी टीव्हीकडे बोट दाखवून सरळ म्हणत होती, की मुद्दाम करतो.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. हे गृहस्थ कुठल्याही विषयावर शेवटचा शब्द बोलायला पहिले हजर असतात. मालिकेचा विषय निघाला तर म्हणाले, "छे हो! जिवलग मित्र आहेत ते. हल्लीच्या पोरांना दोन माणसं एका बाकावर बसलेली दिसली की काहीतरी दिसतं. पुरावा आहे का काही?"

पुरावा! हा शब्द अभिलेख विभागाच्या माणसासमोर उच्चारायचा म्हणजे आपणहून पायावर धोंडा पाडून घेणं. बुवांनी त्याच संध्याकाळी जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, भाग क्रमांक, प्रसंग, कोण कोणाकडे पाहतो, किती सेकंद, शेरा. मागचे भाग भाचीने मोबाइलवर काढून दिले. रोज एक भाग, रोज एक नोंद. एकही रकाना रिकामा नाही.

'अ. क्र. ७. मास्तर आजारी. घड्याळजी औषधाची बाटली घेऊन येतो. चमचा विसरला म्हणून परत जातो. बाटली विसरला म्हणून परत येतो. चौदा सेकंद. शेरा: दोन्ही हात मोकळे असताना इतक्या फेऱ्यांचे समर्थनीय कारण दिसत नाही.'

'अ. क्र. २३. शेजारीण मास्तरांसाठी स्थळ आणते. घड्याळजी हसून अभिनंदन करतो. त्यानंतर दुकानातली सगळी घड्याळं बंद करून बसतो. शेरा: हसू ग्राह्य धरू नये.'

'अ. क्र. ४०. काही घडत नाही. दोघे गच्चीत उभे. शेरा: पुरेसे आहे.'

हे काम निव्वळ अभिलेखाचं आहे, असं बुवा ताईला दोनदा सांगून चुकले. ताई "हो का" म्हणाली. ताईचं "हो का" हे फार वाईट असतं.

पुढे एका शुक्रवारी कसला तरी सामना होता आणि मालिका दाखवलीच नाही. साडेसात वाजले, वही उघडी, पेन हातात, आणि टीव्हीवर अकरा-अकरा माणसं चेंडूमागे धावताहेत. आता कचेरीचा नियम असा, की नोंदवहीत ओळ कोरी सोडायची नाही, तिथे पुढे कुणीही काहीही घुसडतं. नोंद नसेल तर 'निरंक' लिहायचं आणि रेघ मारायची. बुवांनी आयुष्यात हजारो वेळा निरंक लिहिलं असेल. त्या दिवशी हात धजेना. बराच वेळ ते अनुक्रमांक एकसष्टकडे पाहत बसले, आणि मग एका दमात लिहून गेले. भाग क्रमांकापुढे नुसती आडवी रेघ, आणि मग:

'जिना. मास्तरांच्या बाहीवर शाई सांडली आहे. घड्याळजी खालून येतो, थांबतो, पाण्याच्या नळावर रुमाल ओला करून बाही पुसतो. डाग जात नाही. आणखी पसरतो. मास्तर म्हणतात, राहू दे. घड्याळजी म्हणतो, राहूच दे. खालून कुणीतरी हाक मारते. घड्याळजी जातो. नऊ सेकंद. शेरा: नऊच.'

लिहून झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि सामना शेवटपर्यंत पाहिला. कोण जिंकलं ते विचारलं तर सांगता आलं नसतं.

त्यानंतर महिन्याभराने मालिकेने घात केला. मास्तरांचं लग्न ठरलं. चक्क त्या शेजारणीने आणलेल्या स्थळाशी. भाची रडली. रडून झाल्यावर तिने मामाची वही उचलली, पानापानाचे फोटो काढले आणि आपल्या गटावर टाकले. हा गट म्हणजे मोबाइलवर जमलेली काही हजार माणसं, सगळी 'समोरचं दार' पाहणारी. त्यांच्यात दोन तट होते. जे म्हणत दोघांचं प्रेम आहे ते 'दारवाले', आणि जे म्हणत मैत्री आहे ते 'मित्रवाले'. बुवांना काही पत्ता नाही. चार दिवसांनी सेक्रेटरी वर आले आणि म्हणाले, "बुवा, तुम्ही प्रसिद्ध झालात."

'हसू ग्राह्य धरू नये' हे वाक्य म्हणे लोकांनी शर्टांवर छापून घेतलं होतं. मित्रवाल्यांतले साठ जण दारवाले झाले होते. बुवांचे कान तापले. "माझी वही माझ्या परवानगीशिवाय चव्हाट्यावर? आवक नाही, जावक नाही, सक्षम अधिकाऱ्याची सही नाही?"

"मामा, लोकांना ती फार आवडली," भाची म्हणाली.

"आवडणं हा निकष नाही," बुवा म्हणाले. पण संध्याकाळी चष्मा लावून सगळ्या प्रतिक्रिया वाचून काढल्या, दोनदा.

मग सेक्रेटरींनी ठरवलं की असा माणूस आपल्या इमारतीत असताना स्वस्थ बसणं बरं नव्हे. स्वतः मित्रवाले असूनही त्यांनी सभा बोलावली. विषय: सदर लग्न रद्द व्हावे म्हणून वाहिनीला अर्ज. उंटावरचे शहाणे किती असावेत एका इमारतीत? तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला पाहिजे. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या, आधी नोटीस. कुणी म्हणालं, एवीतेवी अर्ज जातोच आहे तर जाहिरातींचा आवाज फार असतो तेही घाला. शेवटी अर्जात चौदा कलमं झाली. त्यात घड्याळजी आणि मास्तर नवव्या कलमात, आणि लिफ्टची दुरुस्ती तेराव्यात. लिफ्टचा आणि वाहिनीचा संबंध काय, असं बुवांनी विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, "अहो, कुठूनतरी सुरुवात केली पाहिजे."

एवढ्यावर निभावलं असतं. पण गटातल्या कुणा उद्योगी माणसाने वहीतल्या सगळ्या नोंदी मालिकेशी ताडून पाहिल्या. सगळ्या जुळल्या, सेकंदांसकट. फक्त एकसष्ट जुळेना. असा जिना नाही, अशी शाई नाही, असा रुमाल नाही. झालं! भाग क्रमांकापुढे रेघ आहे, म्हणजे वाहिनीने तो भाग दडपला. मालिकेतला सगळ्यात सुंदर प्रसंग कापून टाकला. एका माणसाने तो पाहिला आणि तो माणूस खोटी नोंद करणारा नव्हे. 'एकसष्ट परत द्या' अशी हाकाटी सुरू झाली. दोघातिघांना तर तो प्रसंग आपणही पाहिल्याचं स्पष्ट आठवू लागलं. एक बाई म्हणाल्या, रुमाल निळा होता.

बुवांची झोप उडाली. चौतीस वर्षांत एक चुकीची नोंद नाही, आणि आता ही. खरी म्हणावी तर खोटी, खोटी म्हणावी तर... ती खोटी आहे असं म्हणायला जीभच वळेना. ताईने विचारलं, "जेवत का नाहीस?" तर म्हणाले, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."

आणि वाहिनीचं पत्र आलं: अर्जदाराने कलम नऊबाबत मूळ नोंदवहीसह समक्ष येऊन खुलासा करावा. समक्ष येऊन खुलासा! बुवांनी ते वाक्य तीनदा वाचलं.

वाहिनीच्या कचेरीत काचेमागच्या मुलीने एक फॉर्म दिला. तक्रारीचे स्वरूप: एक, आवाज. दोन, चित्र. तीन, भावना दुखावल्या. एकावरच खूण करावी.

"माझ्या भावना दुखावल्या नाहीत," बुवा म्हणाले. "उलट झालं आहे. त्याला रकाना नाही."

"मग तीनवरच करा, काका. सगळे तीनवरच करतात."

बुवांनी चौथा रकाना पट्टीने आखला, त्यात 'इतर' लिहिलं आणि खूण केली. ती मुलगी फॉर्म घेऊन आत गेली आणि एक अधिकारी बाई बाहेर आल्या. तिशीच्या, शांत. त्यांनी बुवांना आणि भाचीला आत नेलं, पाणी दिलं आणि वही उघडली. त्यांना ती जवळजवळ पाठ होती हे उघड दिसत होतं.

"मालिका आम्ही ज्यांच्याकडून लिहून घेतो, त्यांना मी विचारलं," त्या म्हणाल्या. "ते म्हणतात, घड्याळाचं आम्ही मुद्दामच केलं. स्पष्ट दाखवायची परवानगी नव्हती म्हणून तसं दाखवलं. ज्यांना दिसायचं त्यांना दिसेल. पण काका, एकसष्ट आम्ही कधी चित्रितच केला नाही. मी सगळं तपासलं. तुम्ही हा कुठे पाहिलात?"

बुवा टोपी हातात फिरवत राहिले. "जिन्यात," ते म्हणाले.

बाईंनी वही मिटून दोन्ही हातांनी परत दिली.

परतीच्या बसमध्ये भाची खिडकीबाहेर बघत होती. दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "मामा, मास्तर म्हणजे तू ना?"

"हो."

"आणि घड्याळजी?"

"मोजणीदार होता. नकाशे अपुरे पाठवायचा." आणि मग बुवा जे जन्मात कुणाला बोलले नव्हते ते बसमध्ये, पुढच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले. "मला तो फार आवडायचा गं. अजून आवडतो. त्याच्याही मनात तसंच होतं का, तेवढं मला कळलं नाही."

भाचीने त्यांचा हात धरला. पुढच्या सीटवरचा माणूस आपला थांबा नसताना उतरून गेला.

घरी आल्यावर बुवांनी भाचीला मजकूर सांगितला आणि तिने तो शब्दशः गटावर टाकला. 'अनुक्रमांक एकसष्ट ही नोंद सदर मालिकेतील नाही. ती एका भूमापन कचेरीच्या जिन्यातील असून नोंद करणाऱ्याच्या हातून या वहीत आली. वाहिनीचा यात दोष नाही. नोंद खोटी नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' खाली उत्तरांचा पाऊस पडला. कुणी चिडलं, बरेच रडले, निळा रुमाल पाहिलेल्या बाई गटातून बाहेर पडल्या. सेक्रेटरी वर आले, दारात उभे राहिले, काहीतरी शेवटचा शब्द शोधत राहिले आणि तो न सापडल्यामुळे "लिफ्ट झाली बरं का दुरुस्त" एवढंच म्हणून गेले. मालिकेत मास्तरांचं लग्न लागलं. घड्याळजीने आहेर म्हणून घड्याळ दिलं, उत्तम चालणारं. बुवांनी वहीत शेवटची नोंद केली, 'पाहिले', आणि वही कपाटात ठेवली.

त्या कपाटाबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यात खालच्या कप्प्यात एक जुना पांढरा शर्ट आहे. ताई दर वर्षी कपाट आवरते आणि विचारते, "हा फरशी पुसायला घेऊ का?" बुवा दर वर्षी म्हणतात, "राहू दे." सव्वीस वर्षं हे असंच चाललं आहे.

गटावर खुलासा टाकल्याच्या नवव्या दिवशी सकाळी भाची दात घासता घासता धावत बाहेर आली. मोबाइल बुवांच्या पुढ्यात धरला, आणि तोंडात फेस असल्यामुळे नुसतेच हातवारे करू लागली. बुवांनी चष्मा लावला.

'महोदय, माझी सून हा गट वाचते. तिने ती नोंद मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा मी भाजी निवडत होतो. ती तशीच राहिली. माझी पत्नी चार वर्षांपूर्वी गेली, संसार नीट केला, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु अनुक्रमांक एकसष्टमध्ये दोन चुका आहेत, त्या दुरुस्त व्हाव्यात. एक, रुमाल माझा नव्हता, तुमचा होता. तो मी परत केला नाही. अजून माझ्याकडे आहे. दोन, नऊ सेकंद हे माप मला मान्य नाही. मी जन्मभर मोजण्या केल्या आहेत, ते त्याहून पुष्कळ जास्त होतं. नकाशे मी मुद्दाम अपुरे पाठवत होतो हे आपल्या लक्षात आलं असेलच. फेरमोजणी व्हावी ही विनंती. फेरमोजणीच्या वेळी दोन्ही पक्ष समक्ष हजर असावे लागतात, हे आपण जाणताच. रविवारी मी घरीच आहे.' खाली पत्ता होता, आणि नकाशा होता. हाताने काढलेला, बसथांब्यापासून दारापर्यंत. उत्तर दिशा दाखवलेली नव्हती.

बुवांनी मजकूर वाचला. परत वाचला. मग चष्मा काढून पुसू लागले, आणि पुसतच राहिले.

"काय लिहिलंय?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नकाशा अपूर्ण आहे," बुवा म्हणाले. भाचीने तोंड धुऊन येऊन ताईला सगळं वाचून दाखवलं.

ताई "हो का" म्हणाली नाही. कपाटाकडे गेली, खालच्या कप्प्यातून तो शर्ट काढला, इस्त्री गरम केली आणि डाग असलेली बाही आधी घेतली.

रविवारी सकाळी बुवांनी तो घातला. सव्वीस वर्षांत माणूस वाढतो, शर्ट वाढत नाही. मधली तीन बटणं काही केल्या लागेनात. बुवा आरशासमोर हवालदिल होऊन उभे राहिले. "जाऊ दे ताई, दुसरा घालतो. शोभत नाही."

"गप्प बस," ताई म्हणाली. "वरून तो बिनबाह्यांचा स्वेटर चढव. पोट झाकेल, बाही दिसेल."